आधी इलेक्ट्रिशियन, मग जनरेटर: कोकणातल्या घराला जनरेटर जोडून घेताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांची लाईट आठवडेच्या आठवडे गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि सिंधुदुर्गापासून वर किनारपट्टीभर खांब आडवे झाले. मोबाईल चार्ज होत नाही, फ्रीजमधलं औषध खराब होतं, हे कसंबसं निभावता येतं. पण विहिरीवरचा पंप बंद म्हणजे घरात पाणी नाही, आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात ते फार दिवस चालत नाही. म्हणून जनरेटर घेण्याचा विचार आता साध्या घरांतही होतो, आणि तो योग्यच आहे.

अडचण क्रमाची आहे. बहुतेक लोक आधी दुकानात जाऊन यंत्र आणतात आणि मग ‘हे जोडून कोण देईल’ म्हणून शोधायला लागतात. जो पहिला हाताशी येतो तो जोडून देतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी परवाना असलेला इलेक्ट्रिशियन ठरवा, त्याला घर दाखवा आणि त्याच्याशी बोलून मग यंत्र घ्या. चुकीचा जनरेटर घेतला तर पैसे वाया जातात, पण चुकीचा जोडला तर माणूस जातो. तो माणूस तुमच्याच घरातला असेल असंही नाही.

खांबावरचा माणूस

लाईट गेल्यावर जनरेटर थेट घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये लावायचा, त्यासाठी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची, हा प्रकार गावोगाव चालतो. ‘मेन बंद केलं की झालं’ असं त्यावर सांगितलं जातं. या एका वाक्यात सगळा धोका आहे.

समजा मेन बंद करायचं राहिलं, किंवा घरात दुसऱ्या कुणी चालू केलं. तुमची २३० व्होल्टची वीज सर्व्हिस वायरवरून मागे खांबावर जाते आणि तिथून डीपीपर्यंत. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. उलट्या बाजूने वीज आली की तो तेच काम उलटं करतो, आणि बंद समजलेल्या लाईनवर हजारो व्होल्ट उभे राहतात. तिथे भर पावसात तारेवर पडलेला माड काढायला महावितरणचा कर्मचारी चढलेला असतो. त्याने सबस्टेशनवरून लाईन बंद करून घेतलेली असते. काम सुरू करण्याआधी लाईन तपासून अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची, हा नियम आहेच, पण वादळानंतरच्या धावपळीत आपली चूक दुसऱ्याच्या नियमपालनावर सोडून देता येत नाही. शिवाय त्या दोन पिनांच्या वायरचं एक टोक सॉकेटमधून निसटलं तर उघड्या पिनेवर जिवंत वीज असते, आणि घरात लहान मुलं असतात.

यावर उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. त्याची रचनाच अशी असते की घर एका वेळी एकतर महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं, नाहीतर जनरेटरला. दोन्ही एकदम जोडलं जाणं यांत्रिकदृष्ट्याच शक्य नसतं. कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही. जो इलेक्ट्रिशियन चेंजओव्हरशिवाय काम करायला तयार होतो, त्याच्याशी पुढे बोलू नका. तो कितीही ओळखीचा असला तरी.

जनरेटर खरंच हवा का

चांगला इलेक्ट्रिशियन पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो. दिवसातून दोन-चार तास लाईट जाते आणि दिवे-पंखे एवढीच गरज आहे, अशा घराला इन्व्हर्टर पुरतो. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. नुकसानी धरून दोन पंखे आणि काही एलईडी दिवे ती सहा-सात तास सहज ओढते. आवाज नाही, धूर नाही. पंप, फ्रीज, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, किंवा दिवसच्या दिवस लाईट न येणं यांतलं काही असेल तर मात्र जनरेटरला पर्याय नाही.

आता लोड. कोकणातल्या एका साध्या घराचा हिशेब मांडू. आठ एलईडी दिवे म्हणजे ७२ वॉट, चार पंखे ३०० वॉट, फ्रीज २०० धरा, टीव्ही १००, आणि विहिरीवरचा १ एचपीचा पंप साधारण १,१०० वॉट. बेरीज होते पावणेदोन हजारांच्या थोडी वर. यावर २.५ केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) संच चालेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या चार-पाच पट प्रवाह ओढते. छोटं यंत्र त्या क्षणी गुदमरतं, व्होल्टेज पडतं आणि त्या पडलेल्या व्होल्टेजवर फ्रीजचा कॉम्प्रेसर तापतो. वरच्या घराला ५ केव्हीए योग्य. केव्हीएचा आकडा म्हणजे किलोवॅट नव्हे, त्याला साधारण ०.८ ने गुणायचं. ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी या हिशेबात धरू नका, ती जनरेटरवर चालवायचीच नाहीत.

उलट बाजूने, गरजेपेक्षा फार मोठा डिझेल संच घेणंही चुकीचं. डिझेल इंजिन क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर तासन्‌तास चाललं की इंधन पूर्ण जळत नाही, धूर काळा येतो आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते. लोडची यादी इलेक्ट्रिशियनने स्वतः, शक्यतो क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून प्रवाह मोजणारं मीटर) लावून करावी. पंपाच्या पाटीवरचा एचपी वाचून अंदाज सांगणारा आणि पंप सुरू करून प्रवाह मोजणारा यांतला फरक तुम्हाला तिथेच कळेल.

कोणाला बोलवायचं

घरातली दुरुस्ती करणारा, आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेला माणूस कुशल असू शकतो, पण आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. वीजसंच मांडणीचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने करायचं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हाताने काम करणाऱ्याकडे तारतंत्री परवाना हवा, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आहे. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. गोव्यात वीजपुरवठा सरकारी वीज खात्याकडे आहे, तिथे गोवा शासनाचा परवाना पाहायचा.

कागद मागताना संकोच नको. ‘दादा, लायसनची झेरॉक्स द्याल का, फाईलला लावायची आहे’ एवढं म्हणणं पुरतं. परवान्यावरचं नाव, क्रमांक आणि मुदत पाहा. बऱ्याचदा परवाना एकाच्या नावावर असतो आणि काम दुसराच करतो. म्हणून प्रत्यक्ष कामाच्या दिवशी कोण येणार, आणि शेवटी टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची असेल, हे दोन प्रश्न आधीच विचारा. सही करणारा माणूस काम सुरू असताना एकदा तरी घरी यायला हवा.

आणखी एक सवय मोडायला हवी. गावातला लाईनमन ओळखीचा असतो, मदतीला धावतो, म्हणून त्यालाच ‘सुट्टीच्या दिवशी जोडून दे’ म्हणतात. त्याचं कौशल्य बाहेरच्या लाईनचं. घराच्या आतलं खासगी काम त्याने करणं त्याच्या नोकरीच्या दृष्टीने गैर, आणि उद्या काही झालं तर तुमच्या हातात सहीचा एकही कागद नसतो.

जनरेटर विकणारे डीलरही ‘बसवून देतो’ म्हणतात. मोठ्या डिझेल संचांच्या बाबतीत त्यांच्याकडे चांगली टीम असते. पण डीलर संच चालू करून देतो, तुमच्या घराचं वायरिंग तो तपासत नाही. चेंजओव्हर, अर्थिंग आणि घरातला डीबी (वीज वाटून देणारी स्विचांची पेटी) कोणाच्या जबाबदारीत, हे कागदावर नसेल तर ते कोणाच्याच जबाबदारीत नाही असं समजा.

दोन-तीन कंत्राटदारांना घर दाखवा. शक्य असेल तर त्यांनी आधी जोडलेला एखादा जनरेटर जाऊन पाहा आणि त्या घरातल्या माणसाला विचारा, पहिल्या पावसाळ्यानंतर फोन केला तेव्हा हा माणूस आला का.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

ही भेट घाईत उरकू नका. उत्तरांवरून माणूस कळतो.

पहिला प्रश्न: ‘चेंजओव्हर न्यूट्रलसुद्धा तोडणार ना?’ फेज म्हणजे वीज आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. सिंगल फेजला डबल पोल (दोन्ही तारा तोडणारा) आणि थ्री फेजला फोर पोल (चारही तोडणारा), हेच बरोबर उत्तर. फक्त फेज बदलून न्यूट्रल सामाईक ठेवला तर लाईनचा आणि जनरेटरचा न्यूट्रल कायम जोडलेले राहतात. आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच) विनाकारण पडत राहतो आणि न्यूट्रलवाटे वीज बाहेर जाण्याची वाट उघडी राहते.

दुसरा प्रश्न: ‘जनरेटरचा न्यूट्रल अर्थला कुठे जोडणार?’ हा कसोटीचा प्रश्न आहे. लहान पेट्रोल जनरेटरमध्ये पुष्कळदा न्यूट्रल अर्थशी जोडलेलाच नसतो. अशा स्थितीत एखाद्या फ्रीजच्या बॉडीला वीज उतरली तरी ती परत जनरेटरकडे जायला वाट नसते, म्हणून आरसीसीबीला काही कळतच नाही आणि तो पडत नाही. न्यूट्रल आणि अर्थची जोडणी जनरेटरच्या बाजूला, एकाच ठिकाणी, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करावी लागते. काही इन्व्हर्टर जातीच्या पोर्टेबल संचांसाठी कंपनीच्या सूचना वेगळ्या असतात, म्हणून इलेक्ट्रिशियनने पुस्तिका वाचणं गरजेचं आहे. हा प्रश्न ऐकून ज्याने थांबून विचार केला, पुस्तिका मागितली, तो माणूस भरवशाचा.

‘३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कुठे येणार?’ हेही विचारा. तो चेंजओव्हरच्या आधी, लाईनच्या बाजूला असेल तर जनरेटर चालू असताना घराला त्याचं संरक्षणच नाही. तो चेंजओव्हरनंतर हवा, किंवा जनरेटरच्या बाजूला वेगळा हवा.

घराला थ्री फेज कनेक्शन आहे आणि जनरेटर सिंगल फेज घ्यायचा आहे, अशी जोडी खूप ठिकाणी असते. सोपा मार्ग म्हणून तिन्ही फेज एकत्र करून त्यावर जनरेटर सोडतात. थ्री फेजमध्ये न्यूट्रलवर तिन्ही फेजच्या प्रवाहांतला फरकच वाहतो. एकाच फेजने तिघांना खायला घातलं की तिघांची बेरीज वाहते आणि जुनी न्यूट्रल वायर तापते. त्यापेक्षा आवश्यक सर्किटांचा एक वेगळा छोटा डीबी करून फक्त तोच जनरेटरवर घ्यावा. खर्च थोडा वाढतो, पण घरात कुणी चुकून गीझर लावला तरी यंत्रावर ताण येत नाही. माझ्या मते जवळपास प्रत्येक घराने हेच करावं. पंप थ्री फेज असेल तर मात्र तो सिंगल फेज जनरेटरवर चालणार नाही. हे यंत्र आणल्यानंतर कळणं फार महागात पडतं.

छतावर सोलर असेल तर ते आधी सांगा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर गावांतल्या छपरांवरही पॅनेल दिसू लागली आहेत. ग्रीडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईट गेली की आपणहून बंद होतो. पण जनरेटरची वीज त्याच्यापर्यंत पोचली तर त्याला वाटतं लाईट आली, आणि तो जनरेटरच्याच दिशेने वीज ढकलायला लागतो. छोट्या जनरेटरला ती पेलत नाही, व्होल्टेज चढतं, घरातली उपकरणं जातात. म्हणून साधा ग्रीडवरचा सोलर चेंजओव्हरच्या लाईनकडच्या बाजूलाच राहायला हवा.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तो चेंजओव्हरच्या पुढे, म्हणजे घराकडच्या बाजूला येतो. जनरेटर चालू असताना तो चार्ज होतो आणि रात्री जनरेटर बंद करून त्यावर झोपता येतं. काही इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वीकारत नाहीत. मागचा स्विच यूपीएस मोडवरून साध्या, रुंद व्होल्टेजच्या मोडवर घेतला की बहुधा प्रश्न सुटतो.

ऑटो चेंजओव्हर घ्यावा की हाताचा? घरात धडधाकट माणूस राहत असेल तर हाताचाच घ्या. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं आणि खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक पॅनेलपेक्षा तो जास्त टिकतो. एकटी वृद्ध माणसं, किंवा लाईट जाताच पुन्हा सुरू व्हायलाच हवं असं वैद्यकीय उपकरण असेल तर ऑटो योग्य. त्यासाठी सेल्फ-स्टार्टचा संच लागतो, आणि सुरू व्हायला काही सेकंद जातातच, म्हणून त्या उपकरणाला वेगळा यूपीएस द्यावा.

जागा

इथे इलेक्ट्रिशियनचं आणि तुमचं दोघांचं डोकं लागतं. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच माणसं जातात. म्हणून पडवीत नाही, गोठ्यात नाही, जिन्याखाली नाही, खिडकीखाली नाही. पोर्टेबल संच घरापासून किमान ६ मीटर लांब. कौलारू घरात खिडक्या बंद ठेवून भागत नाही, कौलांच्या फटींतून धूर आत येतो.

कोकणात पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, आणि लाईट जाते तीही मुख्यतः पावसाळ्यात. त्यामुळे जनरेटर घराच्या पूर्व किंवा ईशान्येला ठेवला तर धूर घरापासून दूर जातो. शेजाऱ्याचं घर त्या बाजूला असेल तर मात्र त्याच्याशी बोलून जागा ठरवा. घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म लावा.

जमिनीपासून फूट-दीड फूट उंच काँक्रीटचा चौथरा, वर पक्कं छप्पर, बाजू मोकळ्या. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पॅनेलखाली जाळी. डिझेलचा संच घेत असाल तर १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) निकषांचा आणि कारखान्यातूनच ध्वनिरोधक कॅनॉपीसह, म्हणजे बंद पेटीत, आलेला घ्या; कॅनॉपीपासून १ मीटरवर आवाजाची मर्यादा ७५ डेसिबल आहे. धुराड्याची उंची काढायचं सूत्र आहे: इमारतीची उंची मीटरमध्ये, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट. १५ केव्हीएला हे छपराच्या वर पाऊण मीटरच्या आसपास येतं. स्वस्तात मिळणारे जुने, उघडे संच घराजवळ आणू नयेत.

जांभ्यातलं अर्थिंग

कोकणातल्या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. जांभा कोरडा झाला की वीज सहजासहजी वाहून नेत नाही. खणायला कठीण, म्हणून तीन-चार फुटांवर पहार थांबते आणि खड्डा बुजवला जातो. वरून कोणाला काही दिसत नाही. पाईपचा किंवा रॉडचा इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर खोल जायला हवा. खड्डा बुजवण्याआधी तो स्वतः पाहा, फोटो काढून ठेवा.

जागा ओलाव्याची निवडा. माडाच्या आळ्याजवळ, न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या बाजूला जमीन वर्षभर ओलसर राहते. पिण्याच्या विहिरीला मात्र चिकटून नको. मीठ-कोळसा घालण्याची जुनी पद्धत चालते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि धातू गंजवतं. बेंटोनाईटची तयार भुकटी जास्त टिकते. एका रॉडने रीडिंग (अर्थचा रोध, ओहममध्ये) उतरलं नाही तर दुसरा घालायचा, आणि दोघांत रॉडच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतर ठेवायचं. जनरेटरची बॉडी घराच्या जुन्या अर्थला नुसती बांधून देणं पुरेसं नाही. त्या जुन्या अर्थचं रीडिंग काय आहे हे बहुतेक घरांत कधी मोजलेलंच नसतं. थ्री फेज संचाला न्यूट्रलचे दोन आणि बॉडीचे दोन असे स्वतंत्र अर्थ लागतात.

रीडिंग ५ ओहमच्या आत आणायचा आग्रह धरा, आणि ते अर्थ टेस्टरवर तुमच्यासमोर घ्यायला लावा. जुलैत ओल्या जमिनीत आलेलं सुंदर रीडिंग मे महिन्यात तसं राहत नाही, हे इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या.

कोटेशन आणि पैसे

‘जनरेटर जोडणी, सामानासह’ अशा एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. केबल कोणती, किती चौरस मिमी, किती मीटर. चेंजओव्हर किती अँपिअरचा आणि किती पोलचा. एमसीबी (जादा प्रवाहावर पडणारे स्विच), आरसीसीबी, अर्थचे खड्डे किती. चर खणणं आणि चौथरा कोणाकडे. कोणत्या चाचण्या आणि कोणते कागद मिळणार, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. ५ केव्हीए, २३० व्होल्टचा पूर्ण प्रवाह २२ अँपिअरच्या जवळ जातो. त्याला तांब्याची ४ चौरस मिमी केबल ही किमान गोष्ट. अंतर २५ मीटरच्या पुढे असेल तर ६ घ्या. जमिनीतून नेताना आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल आणि अडीच फूट खोल चर. खाऱ्या वाऱ्याच्या गावात टिनचा मुलामा असलेले लग्ज (वायरीच्या टोकाला बसणारे जोड), पाणी न शिरणारी पेटी आणि केबल पेटीत खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत, एवढं जरूर लिहून घ्या.

सामानासाठी काही आगाऊ रक्कम देणं रास्त आहे. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. शेवटचा हप्ता लोडवरची चाचणी आणि सहीचे कागद हातात आल्यावर. पक्कं बिल घ्या; वॉरंटीला आणि विम्याला तेच लागतं.

ठरावीक क्षमतेच्या वरच्या संचांना विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि मंजुरी लागते. होमस्टेसाठी १५-२० केव्हीएचा संच बसवत असाल तर हे काम कंत्राटदाराने करून द्यायचं, असं कोटेशनमध्येच घाला. लहान संचाबाबतही महावितरणच्या शाखा कार्यालयाला पत्र देऊन पोच घ्यावी. तुमच्या घरी जनरेटर आहे हे तिथल्या कर्मचाऱ्यांना माहीत असणं त्यांच्या जिवासाठी चांगलं.

चाचणीचा दिवस

दिवस निवांत निवडा आणि घरातलं आणखी एक माणूस सोबत घ्या.

आधी वीज न सोडता ५०० व्होल्टच्या मेगरने नव्या वायरिंगची इन्सुलेशन चाचणी. रीडिंग १ मेगओहमच्या वरच हवं, नवी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. मग अर्थचं रीडिंग. दोन्ही आकडे तारखेसह लिहून घ्या.

नंतर जनरेटर लोडशिवाय सुरू करून व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी पाहायची. २३० च्या आसपास व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. लोड नसताना फ्रीक्वेन्सी एक-दोनने जास्त दिसली तर ते स्वाभाविक आहे. चेंजओव्हर जनरेटरकडे टाकल्यावर इलेक्ट्रिशियनने महावितरणच्या बाजूच्या टर्मिनलवर मीटर लावून दाखवावा. हे खऱ्याखुऱ्या बंद लाईनवर, म्हणजे सर्व्हिसकडचा कटआऊट (फ्यूज) काढून केलं तरच अर्थ आहे. तिथे शून्य दिसलं पाहिजे, फेजला आणि न्यूट्रललाही. सगळ्या कामात या शून्याला सर्वांत जास्त किंमत आहे.

त्यानंतर एकेक लोड. आधी दिवे-पंखे, मग फ्रीज, शेवटी पंप. पंप सुरू होताना व्होल्टेज किती पडतं ते पाहा. थ्री फेज असेल तर पंप उलटा तर फिरत नाही ना, हे तपासा. फेजचा क्रम लाईनचा आणि जनरेटरचा सारखा असायला हवा. पंपासकट अर्धा तास चालवून केबलची टोकं आणि चेंजओव्हरचे टर्मिनल गरम होतात का हेही बघा.

आरसीसीबीची चाचणी जनरेटर चालू असताना घ्यायची. त्यावरचं बटण दाबलं की तो पडतो आणि सगळे समाधानी होतात. पण ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्येच गळती घडवतं. अर्थ मुळात नसला, तरीही बटणाने आरसीसीबी पडतो. म्हणून टेस्टरने सॉकेटच्या फेज आणि अर्थमधून गळती देऊन तो पडतो का ते पाहायला सांगा. न्यूट्रल-अर्थची जोडणी राहिली असेल तर ती इथे उघडी पडते.

इलेक्ट्रिशियन जाण्याआधी त्याच्यासमोर सुरू आणि बंद करण्याचा क्रम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः एकदा करून पाहावा, आईने, आजीनेसुद्धा. सुरू करताना: डीबीवरचे स्विच बंद, जनरेटर सुरू, दोन मिनिटं थांबून चेंजओव्हर, मग एकेक स्विच. बंद करताना उलट क्रम. हा क्रम मराठीत, ठळक अक्षरात लिहून, लॅमिनेट करून चेंजओव्हरशेजारी लावा. त्यावर इलेक्ट्रिशियनचा नंबर आणि तक्रारीसाठी १९१२ हेही असू द्या.

पुढची देखभाल

नव्या लहान इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण पहिल्या २० तासांनी बदलायचं असतं, हे पुस्तिकेत असतं आणि हमखास राहून जातं. महिन्यातून एकदा लोडवर पंधरा-वीस मिनिटं चालवा. घर वर्षातले दहा महिने बंद असणाऱ्या चाकरमान्यांनी हे काम शेजाऱ्याला किंवा इलेक्ट्रिशियनलाच मोबदला देऊन सोपवावं, नाहीतर गणपतीत बॅटरी मेलेली आणि कार्ब्युरेटर चोंदलेला सापडतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. जास्त काळ ठेवायचं असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोल घरात साठवायची परवान्याविना मर्यादा ३० लिटर आहे, आणि ते स्वयंपाकघरापासून दूर, योग्य कॅनमध्येच ठेवायचं. वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच भरून ठेवा, कारण लाईट गेली की पेट्रोल पंपही अडतात. गरम इंजिनात इंधन कधीही ओतू नका.

दरवर्षी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थचं रीडिंग पुन्हा घ्या, टर्मिनल आवळून घ्या, गंज साफ करून घ्या. पाऊस लागल्यावर त्याला कोणाकडेच जायला वेळ नसतो. ही मे महिन्याची भेट तीन वर्षांसाठी, ठरलेल्या दराने, पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.